द्राक्षं सीमेपार, आम्ही कवठ्यापर्यंत

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कवठे महांकाळहून बिरूदादाचा फोन आला, तेव्हा मी गच्चीवर सांडगे घालत होते. हात पिठाने भरलेले, फोन मान वाकडी करून खांद्याशी धरलेला.

"काकी, तुमाला बंगाली येती न्हवं?"

येते. माझे यजमान फौजेत होते आणि आमच्या संसाराची अकरा वर्षं कोलकात्याजवळच्या छावणीत गेली. शेजारीण बंगाली, भाजीवाला बंगाली, मुलीच्या शाळेतल्या बाई बंगाली. लिहिता येत नाही, पण भांडण करण्याइतपत बोलता येते. बिरूदादाचे वडील यांच्याच पलटणीत होते, म्हणून आमची ओळख. त्यांचे आजे-पणजे मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. पुढे कवठ्याच्या दुष्काळी रानात कालव्याचं पाणी आलं आणि या घराने द्राक्षबाग लावली.

"बांगलादेशातनं व्यापारी येत्यात," बिरूदादा सांगू लागला. "दरसाल चाचा यायचे. आता त्यास्नी परवास झेपंना. औंदा त्यांची पोरगी येतीया, एकटीच, पयल्यांदा. आमचं हिंदी तिला कळंना, तिचं आमाला. अन् बाईमाणूस हाय, संगट बाईमाणूसच पायजे. तुमी चार दिस येता का?"

मी यजमानांकडे पाहिलं. ते गच्चीवरच सावलीला, गुडघ्याला पट्टा बांधून पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, "जा. तसाही घरात तुझा पाय ठरत नाही."

खरं होतं ते. मुलगी सासरी गेल्यापासून मला एका जागी बसवतच नाही. बाजारात एकदाच जाऊन दोन दिवसांचं आणता येतं, तर मी तीनदा जाते. सांडगे अर्धवट टाकून मी खाली आले आणि पिशवी भरायला घेतली.

सातारा

चाचांची ती मुलगी, नसरीन, पुण्याहून बसने आधी आमच्याकडे आली. वय पस्तिशीच्या आसपास, उंच, पायात पांढरे बूट, हातात एक लहान बॅग आणि दोन फोन. त्यातला एक तिच्या देशातल्या नंबरचा. तो वाजला की ती उभीच राहायची आणि बोलता बोलता चालायला लागायची. स्टँडवर मी तिला बंगालीत हाक मारली तर ती एवढी दचकली की बॅगच खाली पडली. मग हसली. मला 'खालाम्मा' म्हणू लागली. खालाम्मा म्हणजे मावशी.

ती जशोरची. वडिलांचा फळांचा ठोक व्यापार. "आमच्या घरापासून तुमची हद्द तासाभरावर आहे," ती रिक्षात म्हणाली. "व्हिसा मिळायला मात्र दोन महिने. आमच्या बागा उशिरा पिकल्या असत्या तर बरं, असं पहिल्यांदा वाटलं मला." 'आमच्या बागा' हे ती बिरूदादाच्या बागांना म्हणत होती.

घरी आल्यावर यजमानांनी आधी तिचा पासपोर्ट मागितला. परदेशी पाहुणा घरात उतरला की चोवीस तासांत सरकारला कळवायचं असतं. त्यांनी चष्मा लावून कॉम्प्युटरवर तो फॉर्म भरला आणि मगच तिला चहा विचारला. मला लाज वाटली. तिला नाही. तिने त्यांची एक चूकही दाखवून दिली.

कंदी पेढा तिने अर्धा खाल्ला, थांबली, मग उरलेला खाल्ला. "आमच्याकडे मिठाई पाकात पोहते," ती म्हणाली. "तुमच्याकडे भाजून निघते."

संध्याकाळी तिला घरात बसवेना. आम्ही चालायला निघालो. आमच्या कॉलनीत दर दुसऱ्या फाटकावर नाव आणि त्याखाली हुद्दा लिहिलेला आहे. हवालदार, सुभेदार, नायब सुभेदार, पुढे कंसात 'निवृत्त'. तिने विचारलं, प्रत्येक दारावर हे काय लिहिलंय? मी सांगितलं.

"एवढे सैनिक! लढतात तरी कुणाशी?"

"शेजाऱ्यांशी," मी सहज म्हणाले आणि जीभ चावली. तिचा फोन वाजला आणि ती पुढे चालत सुटली. तिच्या देशात फळांवरचा आयात कर पुन्हा वाढणार अशी बातमी होती. नक्की कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं. दिवसातून दहा वेळा तिला कुणीतरी वेगळी तारीख सांगत होतं.

आष्टा

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने निघालो. कंडक्टरने माझं अर्धं तिकीट फाडलं, कारण राज्यात बायकांना एसटी अर्ध्या तिकिटात आहे. मी म्हटलं, "या पाहुण्या आहेत, बांगलादेशच्या. यांचं पूर्ण द्या."

त्याने नसरीनकडे एकवार पाहिलं. "बाईच हाय न्हवं? मग अर्धं." आणि पुढच्या सीटकडे गेला. मी तिला सांगितलं तेव्हा ती खिडकीत तोंड घालून किती वेळ हसत होती.

आष्ट्याला थांबायचं कारण गूळ. जशोरचा खजुराचा गूळ नावाजलेला. तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं की या भागातला उसाचा गूळ एकदा बघून ये. आष्ट्यात माझ्या यजमानांचे लांबचे मामा राहतात, तात्या. फौजेतून निवृत्त, ऐंशीच्या घरात, अजून गुऱ्हाळावर रोज जाणारे. त्यांच्या घरी अचानक ओझं नको म्हणून मी रस्त्यावरच्या एका लॉजमध्ये खोली घ्यायचं ठरवलं.

काउंटरवरच्या माणसाने माझं आधारकार्ड घेतलं. मग नसरीनचा हिरवा पासपोर्ट उघडला, मिटला आणि माझ्यापुढे सरकवला.

"तुमाला खोली देतो मावशी. ह्यास्नी न्हाई."

"का? व्हिसा आहे, शिक्का आहे. फॉर्म आम्ही भरतो."

"फारमाचं न्हाई ओ. उद्या कुणीतरी फोटू काढंल, बांगलादेशी ठिवली म्हणून टाकंल मोबाइलवर. मग माझ्या दारात गर्दी. तुमीच सांगा, मी काय करू?"

तो उर्मट नव्हता, हेच जास्त बोचलं. खालच्या आवाजात, जवळजवळ विनवणी करत तो नाही म्हणत होता. नसरीनला मराठी येत नसलं तरी तो एक शब्द तिला बरोबर ऐकू आला होता. बाहेर उन्हात येऊन तिने पासपोर्ट बॅगेत ठेवला आणि चेन दोनदा तपासली.

"खालाम्मा, चेहरा असा करू नका. आमच्याकडेही हल्ली तुमच्या लोकांना हेच होतं. माझ्याच गोदामातली माणसं काय बोलतात ते मी ऐकलंय. आणि तीच माणसं तुमची द्राक्षं उतरवतात."

मी तात्यांना फोन केला. ते दहा मिनिटांत मोटारसायकलवर आले, लॉजकडे बघून एक करकरीत शिवी दिली आणि म्हणाले, "सोयऱ्याचं घर सोडून लाजत बसलात व्हय हितं? चला." यजमानांनी साताऱ्यातूनच तात्यांच्या पत्त्याचा नवा फॉर्म भरला.

गुऱ्हाळ पेटलेलं होतं. मोठ्या काहिलीत रस उकळत होता, एक माणूस मळी काढत होता, हवेत गोड धूर. नसरीन काहिलीभोवती चार फेऱ्या मारून आली. गरम गूळ पळसाच्या पानावर घेऊन तिने फुंकर घालत खाल्ला. तिच्याकडे हिवाळ्यात माणसं पहाटे खजुराच्या झाडावर चढून मडकी उतरवतात, आणि तो रस उन्हं वर यायच्या आत आटवायला घ्यावा लागतो, असं ती सांगू लागली. मी भाषांतर करत गेले. तात्या ऐकत होते. मग अचानक म्हणाले, "कुठली म्हणालीस पोरी तू?"

"जशोर."

"आरं तिच्या! मी गेलोय की तितं. एकाहत्तरला." तात्या उभेच राहिले. "गावात शिरलो तवा माणसं रस्त्यावर आल्याली. एका म्हातारीनं माझ्या हातावर गूळ ठिवला, काळा, खजुराचाच. आमची ल्हान ल्हान पोरं हुती गं पलटणीत, काही परत आलीच न्हाईत." "सांग तिला, आमी सोडवलं त्यांचं गाव."

मी सांगितलं. नसरीनच्या हातातलं पान तसंच राहिलं. मग ती सावकाश, एकेक शब्द मोजून म्हणाली, "त्यांना सांगा, त्यांच्या मित्रांसाठी मला वाईट वाटतं. पण आमचं गाव कुणी आम्हाला दिलं नाही. माझे आजोबा त्याआधीच मारले गेले होते. माझे वडील दहा वर्षांचे होते, ते चिठ्ठ्या पोचवायचे. आम्हीही लढलो. तुमच्याकडे ज्याला भेटावं तो ही गोष्ट पावतीसारखी दाखवतो."

तात्या माझ्या तोंडाकडे बघत होते. ओले डोळे, काठीवर दोन्ही हात. त्यांना मी हे कसं सांगणार होते? मी म्हणाले, "ती म्हणते, तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही."

तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नसरीनने मान खाली घातली.

जेवणाआधी परसातल्या नळावर आम्ही हात धूत होतो. ती म्हणाली, "खालाम्मा, उपकार हा शब्द आमच्याही भाषेत आहे. मी तो उच्चारला नव्हता."

नळ वाहत राहिला. मी तो बंद करायच्या निमित्ताने वाकले.

"म्हातारा माणूस आहे गं. दुखावला असता."

"दुखावला असता, आणि मग आम्ही बोललो असतो," ती म्हणाली. "आता काही बोलायचंच उरलं नाही."

घरात कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत होतं, ज्वारीची भाकरी होती, आणि तात्या तिला स्वतःच्या हाताने वाढत होते. ती नीट जेवली. मी नुसते भाकरीचे तुकडे करत राहिले.

कवठे महांकाळ

बिरूदादा पिकअप घेऊन आष्ट्याला न्यायला आला होता. चाळिशीचा, काटक, डोक्याला रुमाल, एका वाक्यात तीनदा 'लय' म्हणणारा. मिरज मागे पडली तसा ऊस संपला आणि माती फिकी झाली. मग एकदम, खडकाळ माळाच्या मधेच, हिरव्यागार मांडवांच्या ओळी. नसरीन पुढच्या सीटवर सरसावून बसली. वडिलांनी आणलेल्या फोटोंत तिने हे सगळं शाळेत असल्यापासून पाहिलेलं होतं.

बिरूदादाच्या दारात त्याची बायको कमल आरतीचं ताट घेऊन उभी. नसरीनने काय करायचं ते मला डोळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, नुसती उभी राहा. अंगणात बोकड कापायची तयारी दिसत होती. ती माझ्या कानाशी लागली, "कोण कापणार? मला विचारायलाही संकोच वाटतो."

मी बिरूदादाला विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही. "म्हंजी? मुलाणी येणार की. आमच्यात बोकड मुलाणीच करतो, बाच्या बाच्या आधीपासनं. आमी आमच्या देवाचं सुदीक दुसऱ्या कुणाकडनं करून घेत न्हाई."

मुलाणी म्हणजे गावातला मुसलमान. हे मी तिला सांगितलं, तेव्हा तिला खरंच वाटेना. "तुमच्या देवाचा नैवेद्य, आणि कापतो आमचा माणूस?" संध्याकाळपर्यंत तिने मला हे आणखी दोनदा विचारलं. बाजरीची भाकरी, तांबडा रस्सा, वर कच्चा कांदा. भात मागायचा नाही असं ती घरून ठरवून आली होती म्हणे, पण शेवटी मागितलाच, आणि कमल हसत हसत चूल पुन्हा पेटवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाग पाहिली. घड पिवळसर हिरवे, टचटचीत. नसरीनने प्रत्येक ओळीतला एक मणी तोडून एका लहान यंत्राच्या काचेवर पिळला आणि डोळ्याला लावून गोडी पाहिली. माल तयार होता. फार तर तीन-चार दिवस वेलीवर राहिला असता. आणि त्या दिवशी आभाळ भरून यायला लागलं होतं. तयार मण्यावर अवकाळी पाऊस पडला की तो चिरतो, मग कुणीच घेत नाही. बिरूदादा दर पाच मिनिटांनी मान वर करत होता.

दुपारी तिचा तो फोन आला. ती बागेच्या बांधावरून टोकापर्यंत गेली आणि परत आली, पुन्हा गेली. मग मांडवाखाली आम्ही सगळे बसलो. बिरूदादा, कमल, आणि ज्यांच्या बागा बिरूदादाच्या बागेबरोबर जायच्या असे शेजारचे दोन शेतकरी.

"कर वाढला," नसरीन मला म्हणाली. "आजपासून. आठवड्यापूर्वी गाडी निघाली असती तर जुन्या दराने गेली असती. आता सांगा त्यांना. मी अर्धा माल घेते, उद्याच तोडा. उरलेला अर्धा मला झेपणार नाही. तो त्यांनी लगेच दुसऱ्या कुणाला विकावा. माझी वाट बघू नये. हे नीट सांगा."

पाच माणसं माझ्याकडे बघत होती. कमलच्या हातात पाण्याचा तांब्या होता. आदल्या दिवशी त्यांनी हिच्यासाठी बोकड कापला होता. वीस वर्षं हिचे वडील त्यांच्या ओसरीवर झोपले होते.

"कर वाढलाय म्हणते," मी म्हणाले. "अर्धा माल उद्या उचलते. बाकीचं..." जरा थांबले मी. "बाकीचं बघू म्हणते."

एकच शब्द. 'बघू'. आपल्याकडे सोयरीक मोडतानाही आपण 'बघू' म्हणतो आणि जोडतानाही.

बिरूदादाचा चेहरा सैल झाला. "चाचाची पोर हाय. बघू म्हणली म्हंजी बघणार ती."

त्याच संध्याकाळी सांगलीकडचा एक व्यापारी बागेत आला. बिरूदादाने त्याला, माल दिलेला आहे म्हणून, फाटकावरूनच परत पाठवलं. मी ओसरीवर लसूण सोलत होते. मला वाटलं, उठावं आणि सांगावं. वाटलं, सकाळी सांगू. लसूण संपला तरी मी नुसत्या पाकळ्या उलटसुलट करत बसले.

सकाळी तोडणी सुरू झाली. बायका कात्र्या घेऊन ओळीत शिरल्या, पेट्या भरू लागल्या. नसरीन मला म्हणाली, "त्या दुसऱ्या ओळींना कुणी का नाही हात लावत? काल तो माणूस आला होता, त्याने घेतला ना माल?"

"नाही घेतला."

"का?"

मी पेटीतले घड सारखे करू लागले.

"खालाम्मा, तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

तिचा आवाज चढला होता. कात्र्या थांबल्या. बिरूदादा ओळीतून वाकून बाहेर आला. मला पळून जावंसं वाटत होतं, आणि पळायला सगळीकडे माळच होता. मी आधी बंगालीत सांगितलं, मग मराठीत, सगळ्यांच्या देखत. तिने काय म्हटलं होतं, मी काय म्हटलं, आणि दोन्हींत काय फरक होता.

बिरूदादाने रुमाल काढला, झटकला, पुन्हा बांधला. बोलली कमल.

"काकी, तुमी शिकल्याली बाई. नुसतं न्हाई म्हणायला एवढं जड का गेलं वो? आमाला न्हाई ऐकायची सवं हाय. पाऊस न्हाई म्हणतो, बँक न्हाई म्हणती. ऐकलं असतं आमी."



बिरूदादाने पिकअप काढली. आम्ही दोघी त्याच्या शेजारी चढून बसलो, त्याने नको म्हटलं नाही. त्या व्यापाऱ्याला शोधत तीन गावं फिरलो. पहिल्या बागेत तो येऊन गेला होता. दुसऱ्या गावात त्याला कुणी पाहिलं नव्हतं. तिसऱ्या गावात, चिंचेखाली, तो भरलेल्या गाडीला ताडपत्री आवळत होता.

"गड्या, काल फाटकावर उभा हुतो की मी," तो म्हणाला. "आता गाडी भरली. पुढच्या गाडीला चार दिस." मग त्याने आभाळाकडे बोट केलं. "चार दिस थांबंल व्हय तुजा माल?"

परत येताना पिकअपमध्ये नसरीनचा पाय सारखा हलत होता. मधेच तिने बिरूदादाला, तिच्या तुटक्या हिंदीत, थेट विचारलं, "दादा, किशमिश?"

बिरूदादाने मान हलवली. "हे खायाचं मणी हाईत ताई. बेदाण्याला देऊन चांगलं मोल न्हाई येत."

"लेकिन सडेगा नहीं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून बंगालीत, "सीमेवर गाड्या दिवसेंदिवस उभ्या राहतात. तुमची गाडी आमच्या हद्दीत येत नाही. पेटी न् पेटी उतरवून आमच्या गाडीत भरायची. तोवर ताजं द्राक्ष मरतं. बेदाणा थांबू शकतो. ईदला आमच्याकडे शेवयांत घरोघर लागतो. मी विकून बघेन. जमेल असं म्हणत नाही. बघेन म्हणते, आणि बघेन म्हणजे फक्त बघेन. सांगा."

या वेळी मी जसंच्या तसं सांगितलं. शेवटचं वाक्यही.

घरी कमलने दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली, "शेडवर टाका. वेलीवर चिरण्यापरास बरं." निर्णय तिचाच होता.

मग दीड दिवस आम्ही नुसतं काम केलं. द्राक्षं द्रावणात बुडवायची आणि शेडमधल्या जाळ्यांवर पसरायची, एकावर एक अशा मजल्यांत. मी खालच्या जाळीवर, नसरीन वरच्या. तिचे पांढरे बूट तेलकट, चिकट झाले. कमल माझ्याशी कामापुरतं बोलत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने माझ्यापुढे ताकाचा पेला ठेवला. "प्या. ऊन लागंल." एवढंच. पाऊस आलाच नाही. आभाळ रिकामं होऊन गेलं, आणि बिरूदादा त्याच्याकडे असा बघत होता की बाग तशीच वेलीवर ठेवली असती तर, हे त्याने तोंडाने बोलायची गरजच नव्हती.

अर्ध्या मालाची गाडी निघाली तेव्हा ड्रायव्हरने नारळ फोडला. नसरीन गाडीमागे रस्त्यापर्यंत चालत गेली. ज्या माणसाला तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं, त्याला ती बजावत होती की सावलीत थांबव, पेट्यांवर काही टाकू नकोस. ड्रायव्हरला एक अक्षर कळत नव्हतं. तो हात जोडत होता.

मिरज

स्टेशनवर ती मला म्हणाली, "तात्यांना फोन लावा."

मी लावला. तिने फोन माझ्याच कानाला ठेवायला सांगितला आणि आष्ट्याला जे म्हणाली होती ते पुन्हा पूर्ण म्हणाली. आजोबा, वडिलांच्या चिठ्ठ्या, आम्हीही लढलो. मी वाक्यावाक्याने सांगत गेले.

"आगं," तात्या पलीकडून म्हणाले, "आमच्या म्होरं वाट दावायला दोन पोरं असायची. लुंगी, अनवाणी. त्यांनीच खाणाखुणा सांगितल्या, न्हाईतर आमी कुटलं पोचतोय. त्यांचं नाव मला आठवत न्हाई, ह्याचं मला लय वाईट वाटतंय. इचार तिला, तिचा बाप त्यातला असंल का?"

नसरीन हसली आणि ओढणीने डोळे पुसले. "वडिलांना विचारते म्हणावं," ती म्हणाली. गाडी आली. चढताना तिने मला मिठी मारली नाही. माझा दंड घट्ट धरला आणि सोडला.

मी एसटीने साताऱ्याला परतले. यजमानांनी विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, माझ्यामुळे बिरूदादाचं नुकसान झालं. त्यांनी पेपर खाली ठेवला, आणि मग मी सगळं सांगितलं.

त्यानंतर

गाडी सीमेवर सहा दिवस उभी राहिली. सातव्या दिवशी नसरीनचा फोन आला. तिने बिरूदादाला दुसऱ्या फोनवर घ्यायला सांगितलं. मी मधे.

"बिरूदादा, माल पलीकडे गेला," मी म्हणाले. "वरच्या पेट्या चांगल्या आहेत, त्या विकल्या. तळातल्या नासल्या, फेकून दिल्या. बेदाण्याचं अजून कुणाशी ठरलेलं नाही."

"बरं," बिरूदादा म्हणाला. "नीट सांगितलंत काकी." मग म्हणाला, "तिला इचारा, मी तिकडं आलो तर मला बघू देतील का, कसं उतरवत्यात ते? तळाला काय घालायला पायजे ते मला हितं बसून कळंना."

मी विचारलं. नसरीन म्हणाली, या. जेवायला भातच मिळेल.

बेदाणा उन्हाळ्याच्या शेवटी गेला, थोडा तिच्याकडे, बराचसा तासगावच्या बाजारात. मी कमलला त्यासाठी फोन केला होता. ती मोकळेपणाने बोलली, पण आधी जेवढी बोलायची तेवढी नाही.

परवा बिरूदादाचाच फोन आला. आवाजात मजा होती.

"काकी, घरी पोलीस आला हुता. पासपोर्टच्या चौकशीला. मला म्हणला, कुटं जाणार? म्हणलं, बांगलादेशला. त्यानं पेनच खाली ठिवलं. म्हणला, गड्या, लोक दुबईला जात्यात, लंडनला जात्यात. तुजं काय हाय रं तितं?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हणलं, सायेब, माझी द्राक्षं ईस वरीस झाली तिकडं जात्यात. मी एकदाबी गेलो न्हाई."